हिशोबाची किल्ली कोणाच्या खिशात?

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. ती सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गोदावरीच्या पुराच्या जुन्या नोंदी घेऊन तिला प्रकल्प करायचा होता. त्यासाठी मॅटलॅब हे सॉफ्टवेअर लागतं, असं तिला सांगण्यात आलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते मोजक्याच संगणकांवर होतं आणि तिथे नंबर लागता लागत नव्हता. स्वतः विकत घ्यायचं तर घरखर्चाला कात्री लागली असती. मैत्रिणींनी सोपा मार्ग सुचवला: कॉलेजसमोरच्या दुकानात लॅपटॉप द्यायचा, शंभर-दोनशे रुपयांत दुकानदार ‘क्रॅक’ टाकून देतो.

“मामू, सगळेच तसं करतात. पण नानी म्हणते, पैसे न देता दुसऱ्याची वस्तू वापरायची म्हणजे ते हलालचं कसं? तुम्ही सांगा, काय करू?”

मी इतिहासाचा माणूस, मला इंजिनिअरिंगमधलं काय कळणार? पण अम्मीने प्रश्न बरोबर जागी नेऊन ठेवला होता. चोरी करायची की कर्ज काढायचं, या दोनच वाटा आहेत असं त्या मुलीला वाटत होतं. तिसरी वाट आहे आणि तिला स्वतःचा इतिहास आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तो धुंडाळायला बसलो. हा लेख त्यातूनच आला.

समरकंदचे तक्ते

संगणकाच्या जगात ‘अल्गोरिदम’ हा शब्द उठता-बसता वापरला जातो. तो नवव्या शतकातल्या बगदादचे गणिती मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपातून आला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आपण ते अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो. खरं तर पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. भारतीय अंकांनी हिशोब कसा करावा, यावर त्यांनी लिहिलेल्या किताबीची अरबी मूळ प्रत आज उपलब्ध नाही. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये झालेल्या भाषांतरांतून ती आपल्यापर्यंत पोचली. म्हणजे लोकांना नक्कल करता आली, आपल्या भाषेत नेता आली, म्हणून ते ज्ञान वाचलं. कुलुपात राहिलं असतं तर कुलपासकट गेलं असतं.

दुसरं नाव जमशीद अल-काशी यांचं. ते समरकंदला उलुग बेगच्या दरबारात होते. १४२४ साली त्यांनी ‘पाय’ची किंमत दशांश चिन्हानंतर सोळा स्थळांपर्यंत अचूक काढली. त्यासाठी त्यांनी ८० कोटी ५३ लाख ६ हजार ३६८ बाजूंची बहुभुजाकृती गृहीत धरली होती. युरोपात यापुढची मजल मारायला १५९६ साल उजाडावं लागलं. पण अल-काशींनी नुसतं उत्तर लिहून ठेवलं नाही. प्रत्येक पायरीचा आकडा तक्त्यात मांडला. ज्याला शंका असेल त्याने पायरीपायरीने तपासून घ्यावं! १४२७ मध्ये त्यांनी कारकून, व्यापारी, बांधकाम करणारे आणि खगोलज्ञ यांच्यासाठी मोठा ग्रंथ पूर्ण केला. कमानी आणि घुमट कसे मोजायचे, तेही त्यात आहे. त्याचं नाव ‘मिफ्ताह अल-हिसाब’, म्हणजे हिशोबाची किल्ली.

आज सॉफ्टवेअर विकत घेतलं की कंपनी जे अंक-अक्षरांचं कोडं देते, त्यालाही किल्लीच म्हणतात. फरक इतकाच की अल-काशींची किल्ली दार उघडून मोकळी होते. आजची किल्ली वर्ष संपलं की दार पुन्हा लावून घेते.

सार्वजनिक पैशातून उभं राहिलेलं गणित

पूल किती वजन पेलेल, पुराचं पाणी कुठवर चढेल, रॉकेट कुठल्या वाटेने जाईल, या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हजारो समीकरणं असतात. ती कागदावर सुटत नाहीत. संगणक अंदाजाने जवळचं उत्तर काढतो, ते सुधारतो, पुन्हा सुधारतो. अशा गणनासाठी भरवशाच्या आज्ञावल्या लिहिणं हे फार नाजूक काम आहे. पद्धत बरोबर असूनही आकडे कापण्या-जोडण्यातल्या बारीक चुका साचत जाऊन उत्तर साफ बिघडू शकतं.

१९६०च्या दशकात ब्रिटनचे जेम्स विल्किन्सन आणि जर्मनीचे ख्रिश्चन राइन्श यांनी या कामाचा पाया घातला. त्यांच्या आज्ञावल्या नियतकालिकातून छापून येत, कोणीही त्या वाचू शके. पुढे अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्या फॉरट्रान भाषेत उतरवल्या गेल्या आणि १९७०च्या दशकात ‘आइसपॅक’ हा संच तयार झाला. १९७९ साली ‘लिनपॅक’ आला. या कामाला अमेरिकी सरकारचा पैसा होता आणि संच सर्वांना खुले होते. १९८५ पासून तर ‘नेटलिब’ या सेवेला ई-मेलमधून एक ओळ पाठवली की हवी ती आज्ञावली टपालासारखी परत येत असे. या दोन्ही संचांची जागा १९९२ मध्ये ‘लापॅक’ने घेतली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

प्राध्यापकाचं साधन, बाजाराचा माल

लिनपॅकच्या चार लेखकांपैकी एक होते क्लीव्ह मोलर. ते न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत. विद्यार्थ्यांना हे संच वापरायचे तर आधी फॉरट्रानमध्ये लांबलचक प्रोग्रॅम लिहावा लागे. ती कटकट वाचावी म्हणून १९७०च्या दशकाच्या अखेरीस मोलर यांनी एक छोटंसं साधन लिहिलं. मॅट्रिक्सची प्रयोगशाळा, म्हणून नाव मॅटलॅब. ते त्यांनी विद्यापीठांना मोफत वाटलं.

१९७९-८० मध्ये स्टॅनफर्डला शिकवताना त्यांनी ते वापरलं आणि तिथून ते अभियंत्यांच्या हाती गेलं. जॅक लिटल नावाच्या अभियंत्याने ओळखलं की घरगुती संगणकाचे दिवस येत आहेत आणि याला मोठी मागणी येणार आहे. त्याने आणि स्टीव्ह बँगर्टने ते सी भाषेत नव्याने लिहिलं. १९८४ मध्ये मोलर यांच्यासह मॅथवर्क्स ही कंपनी उभी राहिली.

यात कोणी कोणाला लुबाडलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. कंपनीने त्या छोट्या साधनात प्रचंड भर घातली, उत्तम माहितीपुस्तिका लिहिल्या, चुका दुरुस्त केल्या, शेकडो लोकांना रोजगार दिला. मेहनतीचं मोल मागणं गैर नाही. पण परिणाम असा झाला की वर्गात सहज मिळणारी वस्तू परवान्याची वस्तू झाली. अभ्यासक्रम तिच्याभोवती बांधले गेले. आणि जिथे परवान्याला पैसे नव्हते, तिथे ‘क्रॅक’ची दुकानं लागली.

मुक्त आणि फुकट

याच काळात एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन वेगळ्याच कारणाने अस्वस्थ होते. प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकत असे. सॉफ्टवेअरचा मूळ कोड मिळाला असता तर त्यांनी त्यात सुधारणा केली असती. पण तो ज्याच्याकडे होता, त्याने गुप्ततेच्या कराराचं कारण सांगून नकार दिला. शेजाऱ्याला मदत न करण्याचं वचन कंपनीला देणं स्टॉलमन यांना पटेना. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला.

या विचारात चार स्वातंत्र्यं आहेत: सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याचं, ते कसं चालतं हे पाहून बदलण्याचं, त्याच्या प्रती वाटण्याचं आणि बदललेल्या प्रती वाटण्याचं. इंग्रजीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांना एकच शब्द असल्याने तिकडे सतत गोंधळ होतो. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपलं भाग्य. दुकानातला क्रॅक जवळजवळ फुकट असतो, पण मुक्त नसतो. त्याच्या आत काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. क्रॅक करणाऱ्याने आत आणखी काय घालून ठेवलंय, तेही दिसत नाही.

ऑक्टेव्ह: एका प्राध्यापकाचं नाव

१९८८च्या आसपास विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेम्स रॉलिंग्ज आणि टेक्सास विद्यापीठाचे जॉन एकर्ट रासायनिक अभियांत्रिकीचं पाठ्यपुस्तक लिहीत होते. सोबत एखादं गणनाचं सॉफ्टवेअर असावं, अशी कल्पना निघाली. कारण विद्यार्थ्यांचा निम्मा वेळ फॉरट्रानचा प्रोग्रॅम का अडला हे शोधण्यातच जात असे आणि मूळ विषय बाजूला राही. १९९२ मध्ये जॉन ईटन यांनी या कामाला पूर्णवेळ वाहून घेतलं. १९९४ च्या फेब्रुवारीत ‘ऑक्टेव्ह’ची पहिली पक्की आवृत्ती जीपीएल परवान्याखाली बाहेर पडली.

नावावरून वाटतं की संगीताशी संबंध असेल. तसं नाही. ईटन यांचे एक प्राध्यापक होते, ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील. जुन्या पाकिटाच्या पाठीवर झटपट आकडेमोड करून उत्तराचा अंदाज बांधण्यात ते वाकबगार होते. शिष्याने गुरूचं नाव असं जतन केलं. ऑक्टेव्हची भाषा मॅटलॅबशी इतकी मिळतीजुळती आहे की एकासाठी लिहिलेला साधा प्रोग्रॅम बहुधा दुसऱ्यातही चालतो.

त्याच वर्षांत इतर दिवेही लागत होते. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी संख्याशास्त्रासाठी ‘आर’ ही भाषा लिहायला घेतली आणि १९९५ मध्ये ती मुक्त केली. फ्रान्सच्या सरकारी संशोधन संस्थेतून १९९४ मध्ये ‘सायलॅब’ बाहेर आलं. त्याचा सुरुवातीचा परवाना पुरता मुक्त नव्हता, २००८ पासून झाला.

एका किल्लीसाठी रांग

पायथॉनच्या बाजूची गोष्ट मला विशेष भावली. शिकागोत जॉन हंटर नावाचे तरुण संशोधक अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत तपासत होते. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरचा प्रयोगशाळेत एकच परवाना होता. तो संगणकाला जोडायच्या एका छोट्या उपकरणात, म्हणजे अक्षरशः किल्लीत बंद होता. विद्यार्थी, डॉक्टर, संशोधक सगळे ती एक किल्ली आळीपाळीने वापरत. रुग्ण अनेक, किल्ली एक!

हंटर यांनी आधी मॅटलॅबमध्ये पर्याय लिहिला, तो अपुरा पडल्यावर पायथॉनकडे वळले. त्यातून २००३ मध्ये आलेखांचं ‘मॅटप्लॉटलिब’ जगासमोर आलं. २०१२ मध्ये अवघ्या ४४ व्या वर्षी कर्करोगाच्या उपचारादरम्यान त्यांचं निधन झालं. त्यांचं काम आज शाळकरी मुलंही वापरतात.

पायथॉनमध्ये आकड्यांच्या रचनेसाठी तेव्हा दोन वेगवेगळे संच होते आणि वापरणाऱ्यांत दोन तट पडले होते. ट्रॅव्हिस ओलिफंट यांनी दोन्ही एकत्र आणून २००६ मध्ये ‘नमपाय’ची पहिली पूर्ण आवृत्ती दिली. आज विदाविज्ञानाचा फार मोठा डोलारा त्यावर उभा आहे. आणि तरीही नमपायच्या कामासाठी पहिलं स्वतंत्र अनुदान मिळायला २०१७ साल उजाडलं. तोवर ते स्वयंसेवकांच्या उरलेल्या वेळेवर चाललं होतं. मुक्त सॉफ्टवेअर फुकट तयार होतं, हा समज इथे गळून पडतो. किंमत कोणीतरी देतच असतं, आपल्याला ती दिसत नाही एवढंच.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव. नमपाय, ऑक्टेव्ह, आर आणि २०१२ मध्ये आलेली ज्युलिया, या सगळ्यांच्या पोटात समीकरणं सोडवण्यासाठी ‘लापॅक’ आहे. मॅटलॅबनेही २००० मध्ये तेच घेतलं. दुकानं वेगळी, पण दळण एकाच गिरणीतलं. तेव्हा ‘फुकटच्या सॉफ्टवेअरचं उत्तर बरोबर असेल का?’ ही शंका मनात आली, तर हे आठवावं.

किल्ली काढून घेतली तर?

जून २०२० मध्ये चीनमधल्या हार्बिन शहरातल्या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना एक दिवस कळलं की त्यांचं मॅटलॅब बंद झालं आहे. अमेरिकी सरकारने ती विद्यापीठं निर्बंधांच्या यादीत टाकली होती, त्यामुळे कंपनीला परवाने मागे घ्यावे लागले. फी भरलेली, वापर रीतसर. पण दूरच्या राजधानीत एक कागद निघाला आणि प्रबंध अर्धवट राहिले. त्या विद्यापीठांचा लष्कराशी संबंध होता की नव्हता हा वाद वेगळा. वर्गात बसलेल्या पोराला त्याची झळ लागली, ही वस्तुस्थिती.

त्याआधी जुलै २०१९ मध्ये इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या प्रोग्रॅमरांना गिटहब या संकेतस्थळावरच्या आपल्या खासगी कामाचे दरवाजे बंद झालेले दिसले. इराणींना ते पुन्हा पूर्णपणे उघडायला जानेवारी २०२१ उजाडलं. इथे एक बाब प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: मुक्त सॉफ्टवेअरसुद्धा कोणा कंपनीच्या संगणकावर ठेवलेलं असतं आणि तो दरवाजा बंद होऊ शकतो. फरक पडतो तो पुढे. ज्याच्याकडे मुक्त कोडची प्रत आहे, त्याची प्रत चालूच राहते. ती थांबवणारी किल्ली कोणाच्याच खिशात नसते.

चूक सापडण्याचा हक्क

२०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की देशाची वाढ खुंटते. अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का, असा त्यांचा आकडा होता. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या नेत्यांनी हा निबंध हत्यारासारखा वापरला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. काही वर्षं वगळण्याचे आणि भार देण्याचे आक्षेपही होते. सगळं दुरुस्त करून हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी काढलेला आकडा होता २.२ टक्के. ओळी सुटल्याची चूक मूळ लेखकांनी मान्य केली, निष्कर्षावर मात्र ते ठाम राहिले.

इथे एक्सेल मुक्त होतं की नाही हा मुद्दा नाही. फाइल उघडी केली गेली म्हणून चूक दिसली, हा मुद्दा आहे. ज्या आकड्यावरून लोकांच्या पेन्शनी आणि नोकऱ्या ठरतात, त्या आकड्याची वाट उघडी हवी. अल-काशींनी तक्ते मांडले, ते याचसाठी.

आपल्या दारात

हे सगळं परदेशातलं, असं समजायचं कारण नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘फॉसी’ हा प्रकल्प केंद्र सरकारच्या निधीतून उभा राहिला. अभियांत्रिकीच्या नावाजलेल्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं देशभरातल्या विद्यार्थ्यांनी सायलॅबमध्ये लिहून काढली आणि ती सर्वांना खुली आहेत. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्यासाठीही तिथून मदत मिळते. सोबतच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात छोट्या चित्रफितींतून शिकवलं जातं, आणि त्यातल्या अनेक मराठीत आहेत. खेड्यातून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलामुलींसाठी ही केवढी मोठी सोय आहे!

दुसरा धागा हिंगोली जिल्ह्यातला. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. २०१६ मध्ये अशा लहरींच्या पहिल्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा लायगोने त्याची विदा आणि ती तपासण्याचे पायथॉनमधले प्रोग्रॅमही सर्वांसाठी खुले केले. मराठवाड्यातली एखादी मुलगी घरच्या लॅपटॉपवर तो आलेख स्वतः काढू शकते, त्यासाठी तिला कोणाचीही परवानगी लागत नाही.

मग काय निवडावं?

भाचीला मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. अभ्यासक्रम मॅटलॅबच्या भाषेत असेल, तर ऑक्टेव्ह. यंत्रणांच्या आकृत्या जोडून काम करायचं असेल, तर सायलॅबमधलं एक्सकॉस पाहावं. संख्याशास्त्रासाठी आर. विदाविज्ञान किंवा पुढे नोकरीचा विचार असेल, तर पायथॉन आणि नमपाय. मोठं, वेगवान गणन नव्याने लिहायचं असेल, तर ज्युलिया. कोणतंही घेतलं तरी आधी उत्तर माहीत असलेलं एक उदाहरण त्यात सोडवून पाहावं, आणि आपल्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवाव्यात. म्हणजे उद्या साधन बदललं तरी नोंदी आपल्याच राहतात.

मर्यादाही सांगितल्या. वाहन उद्योगात मॅटलॅबच्या सिम्युलिंकवर बरंच काम चालतं. तिथे जायचं असेल तर ते शिकावं लागेल, आणि ते रीतसर परवान्यावर शिकावं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अडलं तर हाताशी ग्राहकसेवा नसते. प्रश्न मांडून उत्तराची वाट पाहावी लागते. आणि ज्यांच्या श्रमावर आपलं काम झालं, त्यांचं ऋण विसरू नये. पैसे नसतील तर एखादी चूक कळवावी, एखादं पान मराठीत आणावं.

तिने ऑक्टेव्ह घेतलं. दोन आज्ञा त्यात चालल्या नाहीत. एकीसाठी जोडसंच मिळाला, दुसरी तिने स्वतः लिहिली. महिन्याभराने तिने सगळ्या फाइली मला पाठवल्या. माझ्या जुन्या संगणकावर मी ऑक्टेव्ह उतरवून घेतलं आणि त्या उघडल्या. कोणी किल्ली मागितली नाही. गणित मला अर्धंही कळलं नाही, पण सनावळी कळते. आलेखात एक ठिपका भलतीकडेच, एकटाच पडला होता. मूळ नोंदी वर-खाली करून पाहिल्या, तर १९८३ च्या जागी १९३८ टाइप झालं होतं.

फोन केला. आधी ती ओशाळली, मग हसायला लागली. “मामू, सरांच्या लक्षात आलं नाही, तुम्हाला कसं दिसलं?”

“बेटा, तू फाइल उघडी पाठवलीस म्हणून,” मी म्हणालो.